तीन किल्ल्यांची पेटी

इंग्लंडमधल्या गावोगावच्या लहान संग्रहालयांत अधूनमधून एक जाडजूड लाकडी पेटी पाहायला मिळते. कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या आणि पुढच्या बाजूला शेजारी शेजारी तीन कुलपं. एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. ज्यांची ही पेटी होती ती माणसं श्रीमंत नव्हती. विणकर, सुतार, खाणकामगार, चांभार, शेतमजूर असे हातावर पोट असलेले लोक दर आठवड्याला किंवा महिन्याला तिच्यात काही पेन्स टाकत. पेटी बहुधा गावातल्या पबच्या मालकाकडे ठेवलेली असे आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या कारभाऱ्यांकडे. तिघं जमल्याशिवाय ती उघडत नसे, आणि तिघं जमत ते सभेच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत.

अशा मंडळाला तिकडे 'फ्रेंडली सोसायटी' म्हणत. अठराव्या शतकात ती इंग्लंडभर पसरली. 1793 मध्ये संसदेने कायदा करून तिला मान्यता दिली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदलेल्या सोसायट्यांची सभासदसंख्या साठ लाखांच्या वर गेली होती. ऑड फेलोज, फॉरेस्टर्स, दारूबंदीवाले रेकबाइट्स ही त्यांतली मोठी नावं. मँचेस्टर युनिटी हा ऑड फेलोजचा सर्वांत मोठा संघ 1810 साली सुरू झाला. फॉरेस्टर्सचा संघ 1834 मध्ये रॉचडेल या गिरणगावात उभा राहिला. त्यांचे सभासद एकमेकांना 'ब्रदर' म्हणत, दीक्षा घेत, परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय सभागृहात पाऊल टाकत नसत.

बंधुभावाच्या संस्था म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात त्या गुप्त शपथा, विचित्र पदव्या आणि फ्रीमेसनांबद्दलच्या कहाण्या. मला त्यांच्या हजेरीपटात आणि दंडाच्या यादीत जास्त रस आहे. नुसती वर्गणी भरून मोकळं होण्याची सवलत या संस्थांत कुणालाच नव्हती. वर्गणी ही सुरुवात होती. तिच्यामागून काम येई, आणि ते पाळीपाळीने प्रत्येकाच्या दारात येऊन उभं राही.

आजारपणाचंच घ्या. सभासद आजारी पडला की सोसायटी त्याला आठवड्याला ठरावीक भत्ता देई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बऱ्याच ठिकाणी दहा शिलिंगांच्या आसपास होता. कुटुंब जेमतेम तगावं इतकाच. पण हा पैसा आपोआप घरी पोचत नसे. तो घेऊन कुणाला तरी जावं लागे. नियमपुस्तिकांमध्ये याची तपशीलवार व्यवस्था केलेली दिसते. आजारी सभासदाला भेटायला कोणी जायचं हे ठरलेलं असे, आठवड्यातून किती वेळा जायचं तेही लिहिलेलं असे, आणि जो जाणार नाही त्याला दंड भरावा लागे. देवी, पटकी असा संसर्गाचा आजार असेल तर मात्र घरात शिरायची सक्ती नसे.

या भेटीला दोन तोंडं होती. भेटायला आलेला माणूस विचारपूस करी, पैसे हातात ठेवी, घरात कोळसा आहे का, मुलं जेवली का हे नजरेने टिपून घेई. त्याच वेळी तो आजार खरा आहे ना हेही पाहून जाई. भत्ता घेणारा माणूस काम करताना सापडला, पबमध्ये दिसला किंवा नेमलेल्या वेळेनंतर घराबाहेर आढळला तर त्याची तक्रार थेट सभेत होई. आजच्या वाचकाला यात पाळत ठेवल्याचा वास येईल. मला मात्र ही रचना शहाणपणाची वाटते. पेटीतला पैसा सगळ्यांचा, म्हणून लबाडीने सगळ्यांचं नुकसान. आणि तपासणीला येणारा कुणी परका अधिकारी नसे. तो त्याच गिरणीत शेजारच्या मागावर उभा राहणारा माणूस असे, आणि पुढच्या हिवाळ्यात तोच अंथरुणाला खिळला असता तर आजचा आजारी त्याच्या दारात गेला असता. दोघांना एकमेकांचं घर माहीत होतं, आजारपण माहीत होतं, खोडीही माहीत होत्या. ज्याने कधी भत्ता वाटला आहे त्याला तो मागताना लाज वाटत नाही, आणि तो खोटा मागण्याचं धाडसही सहसा होत नाही.

पदांची वाटणीही अशीच. अनेक सोसायट्यांत कारभारी निवडताना हात वर करून 'मी इच्छुक' म्हणण्याची पद्धत नव्हती. नावांची यादी असे आणि यादीप्रमाणे पाळी येई. नको म्हणणाऱ्याला दंड. परिणामी ज्याने उभ्या आयुष्यात चार माणसांपुढे तोंड उघडलं नव्हतं तो शेतमजूर सहा महिने सभेच्या अग्रस्थानी बसे, ठराव मांडून घेई, भांडणं थांबवी. हिशेब वाचून दाखवायचा म्हणून कुणी मोठ्या वयात अक्षरओळख करून घेई. ऑड फेलोजच्या शाखाप्रमुखाला 'नोबल ग्रँड' असा भारदस्त किताब होता. दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाणाऱ्या माणसाला आठवड्यातून एका संध्याकाळी त्या नावाने हाक मारली जाई. या किताबांची पुष्कळांनी टिंगल केली आहे. मला ती करवत नाही. माणसाला जबाबदारी द्यायची तर तिच्या जोडीने मानही द्यावा लागतो, हे त्या विणकरांना उमजलं होतं.

दंडाची यादी तर वाचण्यासारखी असते. उशिरा आल्याबद्दल, दारू पिऊन आल्याबद्दल, शिवी दिल्याबद्दल, दुसरा बोलत असताना मध्ये तोंड घातल्याबद्दल, धर्म किंवा राजकारणाचा वाद उकरून काढल्याबद्दल. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सभासदाच्या अंत्ययात्रेला न आल्याबद्दल.

अंत्ययात्रेचं महत्त्व कळण्यासाठी त्या काळच्या गरिबाची सर्वांत मोठी भीती ठाऊक हवी. मरणाइतकीच त्याला मरणानंतरची धास्ती होती. ज्याच्यामागे पैसा नाही त्याला गावखर्चाने, फळकुटाच्या पेटीतून, नावाचा दगडही न लावता पुरलं जाई. 1834 च्या गरीब कायद्याने ही धास्ती आणखी वाढवली. सरकारी मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांच्या कामघरात, भरती व्हा, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे, असा त्याचा खाक्या होता. या कायद्यानंतरच्या वर्षांत ऑड फेलोज आणि फॉरेस्टर्स यांच्या शाखा झपाट्याने वाढल्या, यात नवल नाही. सोसायटीचा सभासद गेला की पेटीतून खर्च निघे, विधवेला काही रक्कम मिळे, आणि सगळे भाऊ काळी फीत लावून शवपेटीमागे चालत. खांदा द्यायला माणसं असावीत ही इच्छा आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

हे सगळं पबमध्ये का चाले, असा प्रश्न सुधारकांना फार सतावे. उत्तर साधं होतं. गरिबांना एकत्र बसायला दुसरी जागाच नव्हती. पबमालक खोलीचं भाडं घेत नसे, पण जमलेल्यांनी बिअर प्यावी अशी त्याची अपेक्षा असे, आणि काही सोसायट्यांत वर्गणीचा ठरावीक भाग बिअरसाठीच लिहून ठेवलेला असे. चर्चचे पाद्री आणि जमीनदार याबद्दल नाकं मुरडत. काहींनी स्वतःच्या देखरेखीखाली, बिअरविना, जेवणावळीविना, हिशेबाला पक्क्या अशा सोसायट्या काढूनही दिल्या. कामगार अशा सोसायट्यांकडे फारसे फिरकले नाहीत. तिथे पैसा सुरक्षित होता, पण कारभार साहेबांच्या हातात होता. स्वतःची पेटी, स्वतःची किल्ली, स्वतःचं भांडण हे त्यांना अधिक मोलाचं वाटलं. वर्षातून एकदा, बहुधा व्हिटसनच्या सणाला, झेंडे आणि वाजंत्री घेऊन गावातून मिरवणूक निघे. थॉमस हार्डीच्या 'टेस' कादंबरीत नायिका पहिल्यांदा दिसते ती अशाच एका मिरवणुकीत, पांढऱ्या वेशातल्या बायकांबरोबर. बायकांच्या स्वतंत्र सोसायट्याही होत्या.

आता शपथा आणि परवलीचे शब्द यांच्याकडे वळू. तेही शोभेचे नव्हते. त्या काळी कारागीर काम शोधत गावोगाव पायी हिंडत. ऑड फेलोजचा सभासद परक्या शहरात पोचला की तिथल्या शाखेत जाऊन प्रवासाचं कार्ड आणि परवलीचा शब्द दाखवी. मग त्याला रात्रीचा आसरा, थोडे पैसे आणि कुठे काम मिळेल याची खबर मिळे. फोटो नाही, ओळखपत्र नाही, अशा काळात खरा सभासद आणि भुरटा यांच्यातला फरक ओळखायचा कसा? शब्द अधूनमधून बदलत. जो सभेला नियमित हजर राही त्यालाच नवा शब्द कळे. गुप्ततेची मुळं अशी रोजच्या व्यवहारात होती. दीक्षेच्या वेळी नवख्या माणसाच्या डोळ्यांवरची पट्टी काढून समोर मानवी सांगाडा दाखवण्याची प्रथा ऑड फेलोजमध्ये होती. मरण सगळ्यांना आहे, म्हणून एकमेकांना धरून राहा, एवढाच त्याचा अर्थ.

सरकारला मात्र त्या शपथांची धडकी भरे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर 1797 आणि 1799 मध्ये गुप्त शपथांविरुद्ध कायदे झाले. त्यातून फ्रीमेसनांना सूट मिळाली, कारण त्यांच्यात राजघराण्यातली माणसं होती. मजुरांना सूट नव्हती. डॉर्सेट परगण्यातल्या टोलपडल खेड्यात आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, आठवरून सात झाली आणि सहावर येणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा जॉर्ज लव्हलेस या मेथडिस्ट प्रवचनकाराने शेतमजुरांची फ्रेंडली सोसायटी काढली. तिथेही दीक्षा होती, सांगाड्याचं चित्र होतं, शपथ होती. 1834 मध्ये सहा जणांना केवळ बेकायदा शपथ दिल्याच्या आरोपावरून सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं गेलं. देशभर सभा झाल्या, लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, आणि 1836 मध्ये सरकारला माफी द्यावी लागली. ब्रिटिश कामगार चळवळ या सहा जणांना आजही हुतात्मे मानते.

बंधुभावाने सगळं निभावलं असं सांगितलं तर मात्र ते खरं ठरणार नाही. एक मोठं दुखणं होतं, आणि ते गणिताचं होतं. तरुण असो वा म्हातारा, पुष्कळ सोसायट्यांत वर्गणी सारखीच. भाऊ भाऊ म्हटल्यावर वयाचा हिशेब कशाला, ही भावना. शाखा तरुण असेपर्यंत पेटी भरलेली राही. तीस वर्षांनी सगळे एकदम म्हातारे होत, एकदम आजारी पडत, आणि नवे तरुण अशा शाखेत यायला कचरत. ज्याने आयुष्यभर वर्गणी भरली त्याला ऐन साठीत रिकामी पेटी पाहावी लागे. यावर तोडगा काढला तो मँचेस्टर युनिटीच्याच हेन्री रॅटक्लिफ या चिटणिसाने. त्याने शाखाशाखांतून आजारपणाच्या नोंदी गोळा केल्या आणि 1850 मध्ये कोणत्या वयाला वर्षाकाठी सरासरी किती आजारपण येतं याची कोष्टकं छापली. पुढच्या काळात विम्याच्या गणिताला या कोष्टकांचा मोठा आधार झाला. भेटीला गेलेल्या हजारो सामान्य सभासदांनी ठेवलेल्या टिपणांतून हे शास्त्र निघालं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुसरं दुखणं अधिक लाजिरवाणं होतं. 'भाऊ' या शब्दात कोण बसतं? लंडनहून अमेरिकेला गेलेल्या थॉमस वाइल्डी नावाच्या लोहाराने 26 एप्रिल 1819 रोजी बाल्टिमोरमध्ये चार सोबत्यांसह ऑड फेलोजची शाखा सुरू केली. आजाऱ्याला भेटा, अडल्याला मदत करा, मेलेल्याला मूठमाती द्या, पोरक्याला शिकवा, या तिच्या चार आज्ञा. ती अमेरिकेत अफाट वाढली. पण काळ्या माणसांना तिचे दरवाजे बंद होते. तेव्हा पीटर ऑग्डेन या जहाजावर नोकरी करणाऱ्या काळ्या सभासदाने इंग्लंडमधल्या ऑड फेलोजच्या दुसऱ्या संघाकडून थेट सनद आणली आणि 1843 मध्ये न्यूयॉर्कला काळ्यांची स्वतंत्र शाखा उभी राहिली.

योगायोग असा की त्याच 1843 साली मुंबईतही असंच घडत होतं. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या इंग्रज फ्रीमेसनांनी आपल्यात घेतलं नाही. ते युरोपात गेले आणि पॅरिसच्या एका 'लॉज'मध्ये, म्हणजे फ्रीमेसनांच्या शाखेत, त्यांनी दीक्षा घेतली. परत आल्यावरही मुंबईची दारं उघडेनात. अखेर डॉ. जेम्स बर्न्स यांनी पुढाकार घेऊन एतद्देशीयांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं. त्यात पारशी आले, मुसलमान आले. हिंदूंना मात्र आणखी थांबावं लागलं. याच माणेकजींनी पुढे 1863 मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. दाराबाहेर ताटकळलेल्या माणसाला दार उघडण्याची किंमत कळलेली असते.

इंग्लंडमधल्या पेटीला उतरती कळा लागली ती मात्र भांडणांमुळे किंवा दिवाळखोरीमुळे नव्हे. 1911 मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विमा कायदा आणला. कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन, अशी आठवड्याची वर्गणी सक्तीची झाली. जे लाखो गरीब कोणत्याच सोसायटीत नव्हते त्यांना पहिल्यांदा आजारभत्ता मिळू लागला. हा कायदा व्हायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सर्वांत गरीब, अनियमित कमाई असलेले मजूर आणि बहुसंख्य बायका सोसायटीच्या वर्गणीपर्यंत कधी पोचूच शकत नव्हत्या.

पण कायद्याच्या कलमांत दोन गोष्टी बदलल्या. भत्तावाटपाचं काम 'मान्यताप्राप्त सोसायट्यां'कडे दिलं गेलं, आणि घरोघर एजंट पाठवणाऱ्या बड्या विमा कंपन्यांनाही अशा सोसायट्या काढायची मुभा मिळाली. कंपनीच्या सोसायटीत सभा नव्हती, पाळी नव्हती, भेट नव्हती. एजंट दारावर येई, शिक्का मारी आणि पुढच्या दाराकडे वळे. दुसरा बदल डॉक्टरांचा. पूर्वी शाखेचे सभासद मत देऊन डॉक्टर नेमत, दरमाणशी ठरावीक वार्षिक रक्कम देत आणि काम पटलं नाही तर बदलत. मजुरांनी आपल्याला जाब विचारावा हे डॉक्टरांना सलत होतं. नव्या व्यवस्थेत तो अधिकार शाखांकडून काढून सरकारी समित्यांकडे गेला. सभेला जाऊन ठरवावं असं फार थोडं उरलं, आणि सभेला येणारे कमी होत गेले. आळशी झाले म्हणून लोक आले नाहीत, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हातचं काम गेलं होतं.

विल्यम बेव्हरिज यांना हे दिसत होतं. 1942 च्या सामाजिक विम्यावरच्या आपल्या गाजलेल्या अहवालात त्यांनी सुचवलं होतं की आजारभत्ता सरकारने द्यावा, पण तो वाटण्याचं काम खऱ्याखुऱ्या फ्रेंडली सोसायट्यांकडे ठेवावं. सरकारने ते मानलं नाही. 5 जुलै 1948 रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा आणि नवी विमा योजना एकाच दिवशी सुरू झाली आणि मान्यताप्राप्त सोसायट्यांचं काम संपलं. त्याच वर्षी बेव्हरिज यांनी स्वयंप्रेरित कामावर 'व्हॉलंटरी ॲक्शन' हे आणखी एक पुस्तक लिहिलं. आधुनिक कल्याणकारी राज्याचा पाया घालणाऱ्या माणसाला लगेच हे पुस्तक लिहावंसं वाटलं, याकडे त्याच्या चाहत्यांचं आणि टीकाकारांचंही सारखंच दुर्लक्ष होतं.

अमेरिकेत सरकारचा असा हात फिरला नाही, तरी तिथेही ओहोटी लागली. मालकाने उतरवलेला विमा आला, मोटार आली, टीव्ही आला. 1959 मध्ये अमेरिकेतल्या फ्रीमेसनांची संख्या 41 लाखांवर होती. आज ती दहा लाखांच्याही खाली आहे. अनेक शाखांनी गळती थांबवण्यासाठी अटी सैल केल्या. पाठांतर कमी केलं, हजेरीचा आग्रह सोडला, दीक्षेचे टप्पे एका दिवसात उरकून द्यायला सुरुवात केली. तरी संख्या खाली येतच राहिली. हा उपाय चुकीच्या दुखण्यावरचा होता, असं माझं मत आहे. मागणं कमी केलं की माणूस राहील, हा समज पेटीच्या इतिहासाच्या उलट जातो. त्या विणकरांनी आपल्या भावांकडून वेळ मागितला, दंड मागितला, पावसात शवपेटीमागे चालणं मागितलं, आणि त्याबदल्यात आपण कुणाला तरी हवे आहोत याची खात्री दिली.

मँचेस्टर युनिटी आजही आहे. आजारभत्ता सरकारकडे गेला, डॉक्टर सरकारकडे गेले. नियमपुस्तिकेतलं एक जुनं काम मात्र कुणी नेलं नाही. आजारी किंवा एकट्या पडलेल्या सभासदाच्या घरी जाऊन येण्यासाठी तिच्या शाखांत अजूनही माणसं नेमलेली असतात.